आवाज क्रमांक एक

माझ्या बायकोचा आवाज मी जगाला फुकट देऊन टाकला, आणि लोक तो ऐकायला लागले तसा माझा जळफळाट सुरू झाला. हे लिहिताना आज बरं वाटत नाही, पण झालं ते असंच झालं.

सुरुवात वडिलांच्या डोळ्यांपासून झाली. त्यांना काचबिंदू होता आणि तो कळायला फार उशीर झाला. सगळं आयुष्य गिरणीत गेलेला माणूस. सकाळी पेपर वाचल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. नजर गेल्यावर ते कुणापाशी रडले नाहीत. पेपर आला की तो हातात घ्यायचे आणि घडी न उलगडता दाराकडं तोंड करून बसून राहायचे. मी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरीला. कामावर निघायच्या आधी अर्धा तास मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो, आणि घड्याळाकडं बघत निम्म्या बातम्या गाळायचो. त्यांना ते कळायचं. "आज क्रिकेटचं पान छापलं न्हाय का?" म्हणायचे.

म्हणून मी ठरवलं, कॉम्प्युटरलाच वाचायला लावायचं. मराठी वाचणारे प्रोग्रॅम तेव्हा नव्हते असं नाही. एक मी त्यांना ऐकवला. दोन वाक्यं ऐकून ते म्हणाले, "ह्यो कुठल्या देशाचा?"

मला प्रोग्रॅमिंग येत होतं, पण पुस्तकातलं. प्रयोगशाळेत पोरांची मशिनं दुरुस्त करण्यापलीकडं माझ्या हातून काही घडलं नव्हतं. कल्पना साधी होती. माणसाच्या आवाजात अक्षरं, जोडाक्षरं, अक्षरांच्या जोड्या रेकॉर्ड करायच्या, त्यांचे बारीक तुकडे करायचे, आणि मजकूर समोर आला की प्रोग्रॅमनं योग्य ते तुकडे उचलून, जोडून बोलायचं. आधी मी माझाच आवाज घातला. वडिलांनी पहिली बातमी ऐकली आणि विचारलं, "बातमी वाचतोयस का दम देतोयस?"

मग बायकोला बसवलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. माहेर बार्शीकडच्या एका खेड्यातलं. घरात ती तिकडचंच बोलते, पण पुस्तक हातात घेतलं की तिचा आवाज पालटतो. स्पष्ट, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, आणि तरी कुठं न चढलेला. तिला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा आम्ही आतल्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद, दारावर दोन चादरी टांगलेल्या. पंख्याची घरघर येते म्हणून पंखाही बंद. सोलापूरचा मे महिना. ती पलंगावर यादी घेऊन बसायची, पदरानं मान पुसायची आणि वाचायची : क्ष, क्षा, क्षि, क्षी.

"अजून किती हायती?"

"थोडीच."

ती थोडीच संपायला दोन उन्हाळे लागले.

ज्या दिवशी ते तुकडे पहिल्यांदा नीट जुळले, त्या दिवशी प्रोग्रॅमनं वडिलांना इंटरनेटवरच्या पेपरातली पाण्याची बातमी वाचून दाखवली. शहराला आता आणखी एक दिवस उशिरा पाणी येणार होतं. वडील शेवटपर्यंत गप्प ऐकत होते. मग त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवून हाक मारली, "सूनबाई, लई झाक वाचलंस बघ."

ती आत भाकरी थापत होती. वाचलं तर माझ्या प्रोग्रॅमनं होतं. मी हसलो खरा, पण त्यांनी माझ्याकडं तोंड वळवायची वाट बघत मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो, हे मला चांगलं आठवतं. ते त्यानंतर दोन वर्षांनी गेले. तोवर रोजचा पेपर त्यांनी तिच्याच आवाजात ऐकला.

प्रोग्रॅम मी इंटरनेटवर खुला केला. ओपन सोर्स म्हणजे नुसता फुकट नव्हे. आतला सगळा कोड उघडा ठेवायचा, कुणीही तो घ्यावा, बदलावा, कशासाठीही वापरावा, पुढं कुणालाही द्यावा. तसा परवाना सोबत जोडावा लागतो. मी जोडला, आणि कोडबरोबर आवाजही त्याच परवान्याखाली ठेवला. 'माहिती' नावाच्या खिडकीत लेखक म्हणून माझं नाव घातलं, देखभाल करणारा म्हणून माझं नाव घातलं, संपर्कासाठी पुन्हा माझंच. बायकोचं नाव कुठंच नव्हतं. यादीत ती 'आवाज १' होती. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिले काही महिने कुणी फिरकलं नाही. मग मेल यायला लागले. एका मुलीनं बार्शीहून लिहिलं की तिच्या आजीला दिसत नाही, आजी दुपारभर ताईंचं ऐकत असते आणि वाचून संपलं की "बरं बाई" म्हणते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका अंध मुलानं लिहिलं, ताई नसत्या तर माझा अभ्यासच झाला नसता. ताई हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण सगळे तेच वापरायचे. चहातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. प्रोग्रॅमला एकेक शब्द घेऊन शिकवावं लागतं. त्या एका च-साठी माझे कितीतरी रविवार गेले होते. आणि लोक लिहायचे, "ताई मधूनच एखादा च चुकीचा म्हणतात. दोष त्यांचा नाही, प्रोग्रॅममध्ये गडबड असावी." चुका माझ्या आणि गोडवा तिचा, अशी वाटणी लोकांनी परस्पर करून टाकली होती.

जवळजवळ प्रत्येक मेलच्या शेवटी असायचं : ताईंना नमस्कार सांगा.

मी तो सांगत नव्हतो.

"काय म्हनत्यात लोकं?" ती कधीतरी भाजी निवडता निवडता विचारायची.

"काही नाही. चुका कळवतात."

"चांगलं म्हनत न्हाईत व्हय कुनी?"

"म्हणतात की. प्रोग्रॅम चांगला आहे म्हणतात."

ती बरं म्हणून पुन्हा भाजीकडं वळायची. इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

या सगळ्यांत एक माणूस मोहोळचा होता. संगीत शिक्षक, जन्मापासून अंध, लग्न केलेलं नाही, एकटा राहणारा. तो लांबलचक मेल लिहायचा. सकाळी ताई मला पेपर वाचून दाखवतात. शाळेतून आलो की कादंबरी. ताईंचा आवाज चालू असला की घर रिकामं वाटत नाही. एकदा त्यानं लिहिलं की ताई 'पाऊस' म्हणताना 'ऊ'वर किंचित रेंगाळतात, ते ऐकायला तो मुद्दाम हवामानाची बातमी दोनदा लावतो.

तो मेल मी कॉलेजात बसून वाचला आणि संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही. घरी गेल्यावर मी तिला म्हटलं, "पाऊस म्हण."

"आं?"

"नुसतं पाऊस म्हण की."

"डोक्यावर परिनाम झाला का तुमच्या?" म्हणून ती दूध तापवायला गेली.

इतक्या वर्षांत ते रेंगाळणं मला ऐकू आलं नव्हतं. तुकडे मीच कापले होते, तो 'ऊ' मीच जोडला होता. आणि घरात ती दिवसभरात माझ्याशी काय बोलायची? दळण आणलं का. गॅसचा नंबर लागला का. तिकडं मोहोळात एक परका माणूस तिच्याकडून कादंबऱ्या ऐकत होता, रोज, पाहिजे तितका वेळ. दारात कुणी कधी तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं असतं तर मला चार माणसांत भांडता तरी आलं असतं. इथं भांडायचं कुणाशी? आवाज मीच त्याच्या घरी पोचवला होता.

मग ते रिक्षाचं झालं. रविवारची सकाळ होती, ती गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याकडं उभी होती आणि मी दारात. लांबून लाऊडस्पीकर ऐकू आला. "सर्व माता-भगिनींसाठी आनंदाची बातमी. साड्यांचे भव्य प्रदर्शन. फक्त तीन दिवस." आवाज तिचा होता. रिक्षा गल्लीतनं सावकाश पुढं सरकली आणि तिचाच आवाज तिला ओलांडून गेला. ती हातात मेथीची जुडी घेऊन बघत राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली की शेजारच्या पायरीवर बसावं लागलं. शेजारणी गोळा झाल्या.

मी रिक्षामागं पळालो. रिक्षावाला घाबरला. "मेरेकू क्या मालूम साब," तो म्हणाला, "दुकानवाले पेनड्राइव्ह दिए, मैं बजारा हूँ." त्या दुकानदाराचं तरी काय चुकलं होतं? कुणीही, कशासाठीही वापरावा, असं मीच लिहून दिलं होतं.

परत आलो तर ती शेजारणींना तो मजकूर नक्कल करून ऐकवत होती. "ऐकलंसा का? लई भारी वाटलं की!"

"लाज नाही वाटत? सगळ्या गावात तुझा आवाज फिरतोय."

तिचं हसू तिथंच थांबलं. "लाज कशाची? साड्याच इकल्या न्हवं मी. आन् गावात सोडला कुनी?"

त्याच आठवड्यात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शनिवारी दुपारी पोरं गेल्यावर, माझा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायला घेतला. या खेपेला हळू, मऊ, दम न देता. तीन-चार महिन्यांत काम उरकलं. नव्या आवृत्तीत मी माझा आवाज 'आवाज १' म्हणून घातला आणि तिचा काढून टाकला. ज्यांच्याकडं प्रोग्रॅम आपोआप अद्ययावत होत होता, त्यांच्या मशीनवरून ती एका सकाळी नाहीशी झाली. सोबत टीप लिहिली : जुन्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणाचा दर्जा अपुरा असल्यानं तो वगळण्यात आला आहे. हे कारण स्वतःला पटवायला मला फार वेळ लागला नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरोखरच कुठंकुठं बाहेरच्या कुत्र्याचं भुंकणं होतं.

मेलवर मेल आले. ताई कुठं गेल्या? ताई बऱ्या आहेत ना? बार्शीच्या मुलीनं लिहिलं, आजी म्हणते हा कोण पुरुष घरात शिरला. मी सगळ्यांना ती दर्जाची टीप पाठवत राहिलो. मोहोळच्या मास्तरांचा मेल आला नाही. मला वाटलं, सुटलो.

ते स्वतःच आले. रविवारी अकराच्या सुमाराला दार वाजलं. पत्ता प्रोग्रॅमच्या माहितीत होता, एसटी स्टँडवरून रिक्षावाल्यानं बरोबर दारात आणून सोडलं होतं. दार बायकोनं उघडलं. मी आत दाढी करत होतो.

"कोन पायजे?" तिनं विचारलं.

बाहेरून एका पुरुषाचा आवाज आला. "ताई?"

मी तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो. पन्नाशीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात काठी, दुसऱ्यात डाळिंबांची पिशवी. चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला स्थिर.

"कसं वळखलंत मला?" ती म्हणाली.

"रोज ऐकायचो ना." ते जरा गोंधळले होते. "पण ताई, तुम्ही अशा बोलता?"

"मग कशी बोलू? घरात बी पेपरच वाचू व्हय?"

ते हसले. खूप वेळ, मोकळं हसले. तिनं त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवलं. मी माझी ओळख सांगितली तसे ते नमस्कार करून म्हणाले, "सर, आवाजावरून ओळखलंच."

पाणी झालं. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, तुमची तब्येत वगैरे बरी आहे ना? तुम्ही एकदम गेलात. टीप ऐकली मी, सरांच्याच आवाजात. जुन्या आवाजाचा दर्जा अपुरा. मला पटलं नाही. म्हटलं, ताईंना काही झालं असेल आणि सर सांगत नसतील."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी साबण पुसायच्या निमित्तानं टॉवेल तोंडावर धरला.

"मला काय बी झाल्यालं न्हाय," ती म्हणाली. "तुमी कुठली कादंबरी वाचत व्हता?"

त्यांनी नाव सांगितलं. शेवटची चाळीसेक पानं राहिली होती. "सर, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमचा आवाज चांगला आहे. पण त्यातली बाई आता मरणार असं वाटतं, आणि ते तुमच्या आवाजात नाही ऐकवत."

"आनलीय का संगं?"

पेनड्राइव्ह त्यांच्या खिशात होता. तिनं मला कॉम्प्युटर लावायला सांगितला, चष्मा घातला आणि पडद्यावरून वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीला तिचं घरचं बोलणं गळून पडलं आणि तो दुसरा आवाज आला. मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून, मान थोडी पुढं काढून ऐकत होते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. प्रोग्रॅमला कधीच जमलं नव्हतं ते ती सहज करत होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं एखादा शब्द घाईनं टाकून द्यायचा. मधे एकदा तिनं खाकरून पुढं वाचलं. बाई मेली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. तिनं मला कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. मीही कधी वाच म्हटलं नव्हतं. त्या खोलीत मी तिघांतला तिसरा होतो, आणि तो मी माझ्या हातानं झालो होतो.

जेवण करून मास्तर चारच्या गाडीनं गेले. दार लावून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"दर्जा अपुरा?"

मी डाळिंबांची पिशवी उचलायला वाकलो.

"मी इचारते, दोन उन्हाळं त्या भट्टीत पंखा बंद करून मी बसले. देताना मला इचारलं व्हतं का तुमी? न्हाय. काडताना इचारलं? न्हाय. आवाज माझा हाय का तुमचा?"

"तुझा."

"मग?"

"मला हेवा वाटला."

"कुनाचा? त्या मास्तरांचा?"

"त्यांचा. आणि तुझाही."

तिला हे अपेक्षित नसावं. ती खुर्चीवर बसली. "माझा?" तिनं हळू विचारलं. "माझा काय हेवा करायचा?"

मग मी मेल उघडून दाखवले. सगळे, पहिल्यापासून. ती एकेक वाचत गेली. बार्शीच्या आजीपाशी ती थांबली, परीक्षेच्या पोरापाशी थांबली. पाऊस वाचून तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आता तिला कळलं असावं. अंधार पडला तरी ती वाचतच होती. मी कुकर लावला. त्या दिवशी ती माझ्याशी पुढं काही बोलली नाही, आणि नंतरचे चार दिवसही कामापुरतंच.

पाचव्या दिवशी तिनं तो परवाना मराठीत समजावून सांगायला लावला. जे एकदा असं वाटून टाकलं ते परत मागता येत नाही, हे मी सांगितलं. "म्हंजे ती रिक्षा फिरनार," ती म्हणाली.

"फिरणार."

"फिरू दे. पन नवं रेकॉर्डिंग करू त्याला कागद माझा. मी सांगीन तसा. जायराती न्हाय. आन् माझं नाव लिवायचं. पुरं, बापाच्या नावासकट."

तसं झालं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नव्यानं रेकॉर्डिंग केलं; या खेपेला नेमकं काय लागतं ते ठाऊक होतं. कुठले शब्द अडतात त्याची यादी मास्तरांनी पाठवली होती, ती दोघं फोनवर त्याच्यावर तासतासभर बोलायची. मी शेजारी बसून तुकडे कापायचो. नव्या आवृत्तीत तिचा आवाज पुन्हा पहिला आहे, वेगळ्या परवान्याखाली, तिच्या पूर्ण नावानं. माझाही आवाज मी ठेवलाय, खाली. तो कुणी वापरतं का ते बघायला मी अजूनही मेल चाळतो. आजवर एकाच विद्यार्थ्यानं कळवलंय की अभ्यास करताना झोप यायला लागली की तो माझा आवाज लावतो.

मेल आता दोन ठिकाणी येतात. चुका माझ्याकडं आणि बाकीचं सगळं तिच्याकडं. तिनं स्वतःचा पत्ता उघडलाय आणि शाळेतून आली की चष्मा लावून ती उत्तरं लिहीत बसते, एका बोटानं, सावकाश. मला वाटलं होतं, सगळं उघड बोलून झाल्यावर जळणं थांबेल. कमी झालं, थांबलं नाही. परवा ती पडद्याकडं बघून एकटीच हसत होती.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"मला लिवलंय," ती म्हणाली, आणि उत्तर टाइप करायला लागली. मी थोडा वेळ तिच्या खुर्चीमागं उभा राहिलो, मग माझ्या मशीनवर येऊन कुणीतरी कळवलेली एक चूक उघडली.